प्रेशरच्या गोळीची पेंग आणि उधारीच्या वहीची मागची पानं

परळला केईएमच्या मागच्या गल्लीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला शेगडी पेटते ती दुपारी दोनपर्यंत विझत नाही. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेशंटचे नातेवाईक, ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टर, वॉर्डबॉय. औषधांच्या गोष्टी दिवसभर कानावर पडतात, तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा मला काही सुचलं नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी माझं प्रेशर निघालं, १७०/१०४. डोकं दुखत नव्हतं, काही नव्हतं. टाच दुखते म्हणून गेले होते, डॉक्टरांनी सहज मोजलं आणि गोळी सुरू केली. दुसऱ्या दिवसापासूनच सकाळी दहाच्या पुढे डोळ्यांवर झापड यायला लागली. वयच झालंय, असं म्हणून मी रेटत राहिले. आठव्या दिवशी पोळी उलटता उलटता डोळे मिटले आणि डावं मनगट तव्याच्या कडेला टेकलं. तो डाग अजून आहे. त्या रात्री कुणालाही न सांगता मी गोळी बंद केली. चौथ्या दिवशी छातीत धडधड सुरू झाली, डोकं ठणकायला लागलं. मोजलं तर १८२/१०८. गोळी परत सुरू करावी लागली.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. गोळीनं पेंग येते म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. एक दिवसाआड घेणं, अर्धी करणं हेही नको. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या एकदम थांबवल्या तर हृदय जोरात पळायला लागतं आणि ज्यांना आधीच हृदयाचा आजार आहे त्यांना झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन नावाची गोळी तर अशी आहे की अचानक सोडली की प्रेशर पहिल्यापेक्षा वर उसळी मारतं. त्या कमी करायच्या असतील तर डॉक्टर पायरी पायरीनं कमी करतात. आणि मी आठ दिवस केलं तसं मुकाट सहनही करू नका. पेंग येते ही तक्रार डॉक्टरांकडे नेण्याएवढी मोठी आहे, आणि बहुतेक वेळा तिच्यावर उपाय निघतो.

उपाय निघायला आधी आपल्याला नेमकं काय होतंय ते कळायला हवं. आपण सगळ्यालाच "गोळीनं गुंगी येते" म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला एका सिस्टरनं समजावलं, पोळ्या बांधून होईपर्यंत उभ्या उभ्या.

पहिली पेंग. म्हणजे खरोखर झोप येणं, बसल्या जागी मान पडणं. क्लोनिडिन, मिथाइलडोपा ही औषधं मेंदूवर काम करतात, त्यांनी अशी झोप येते. नाहीतर रात्रीची झोप पुरेशी होत नसते, किंवा दुसरंच एखादं औषध सोबत चालू असतं.

दुसरी अंधारी. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे काळोख येतो, भिंत धरावी लागते. यात उभं राहिल्यावर प्रेशर खाली घसरतं. लघवी वाढवणारी गोळी, प्राझोसिनसारखी गोळी, उकाडा, कमी पाणी, यांनी हे होतं.

तिसरं गळून जाणं. झोप येत नाही, पण जिना चढताना पाय शिशाचे होतात. एटेनोलॉलच्या जातीच्या गोळ्यांनी नाडी मंदावते, त्यानं असं होतं. लघवीच्या गोळीनं अंगातलं सोडियम, पोटॅशियम उतरलं तरी होतं. म्हाताऱ्या माणसात सोडियम उतरलं की ग्लानी येते, बोलणं असंबद्ध होतं. घरचे म्हणतात, वय झालं. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

आता गोळ्यांची स्ट्रिप उजेडात धरून वाचा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक छापलेलं असतं ते वाचा. आपल्याकडे एका गोळीत दोन औषधं असणं फार चालतं आणि नावापुढची अक्षरं बरंच सांगतात. पुढे एच असेल तर सहसा लघवीची गोळी मिसळलेली असते. एएम म्हणजे सहसा अमलोडिपिन, तेही प्रेशरचंच औषध. माझ्या स्ट्रिपवर एटी होतं, म्हणजे अमलोडिपिनबरोबर ५० मिलिग्रॅम एटेनोलॉल. मी तोपर्यंत समजत होते की मी एकच औषध घेते. अक्षरांवर पूर्ण विसंबू नका, खालचं बारीक नाव केमिस्टकडून वाचून घ्या आणि वहीत उतरवा.

ही वही हाच माझा खरा उपाय. नवी वही आणली नाही, उधारीच्या वहीची मागची पानं घेतली, कारण ती रोज हाताखाली असते. दहा दिवस लिहिलं. एका दिवसाची नोंद जशीच्या तशी देते:

मंगळवार. झोप रात्री ११, जाग ४.१०. मध्ये एकदा उठले. प्रेशरची गोळी सकाळी ७, पोहे खाऊन. सर्दीची गोळी काल रात्री १०. प्रेशर सकाळी १३२/८२, नाडी ४८. पेंग १०.३० ते १२. चहा चार वेळा. जेवण २.१५, भात जास्त. जेवल्यावर परत पेंग.

या एका पानात डॉक्टरांना जे दिसलं ते मला तीन आठवडे दिसलं नव्हतं. पण आधी मोजायचं कसं ते नीट सांगते, कारण चुकीचं मोजलेलं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. अंधारी येत असेल तर आणखी एक चाचणी करा: पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. घरी मशीन नसेल तर पालिकेच्या आपला दवाखान्यात मोजून देतात. नाडी हातानंही मोजता येते. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, तीस सेकंद ठोके मोजायचे, दुप्पट करायचे. पन्नासच्या खाली येत असेल आणि गळून जात असाल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

माझ्या पानात दोन चोर सापडले. एक नाडी, ४८. तो एटेनोलॉलचा परिणाम. दुसरा मी स्वतः घरात घेतलेला. पिठाच्या भुकटीनं मला शिंका येतात, म्हणून वर्षानुवर्षं रात्री एक सेटिरिझिन, म्हणजे वहीतली ती सर्दीची गोळी, घेत होते. ती मला औषधच वाटत नव्हती, डॉक्टरांनी "दुसरं काही घेता का" विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि प्रेशरच्या गोळीबरोबर ती जास्त जाणवते. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या तर उलट प्रेशर चढवतात. तेव्हा वहीत सगळं लिहा: खोकल्याचं औषध, झोपेची गोळी, आयुर्वेदिक काढा, दारू घेत असाल तर दारूसुद्धा. दारूनं पेंगही वाढते आणि प्रेशरही खाली-वर होतं.

कंबरदुखीच्या गोळीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आमच्यासारख्या दिवसभर उभं राहणाऱ्या बायका ती शेंगदाण्यासारखी खातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी प्रेशर वाढतं. वाढलं म्हणून डॉक्टर प्रेशरची गोळी वाढवतात. ती वाढली की गुंगी वाढते. मूळ कंबरेतच असतं आणि आपण डॉक्टरला सांगितलेलंच नसतं.

गोळीची वेळ बदलावी का, हे गिऱ्हाइकं मला सर्वात जास्त विचारतात. माझी भाची फार्मसी शिकते, तिनं मला दाखवलं: ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, २०२२ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना गोळी सकाळी दिली, काहींना संध्याकाळी. झटका आणि पक्षाघात रोखण्यात फरक पडला नाही. म्हणजे पेंग आणणारी गोळी रात्री नेता येईल का, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. पण लघवीची गोळी रात्री नको. माझी नणंद एच असलेली गोळी रात्री नऊला घ्यायची आणि चाळीच्या टोकाच्या संडासाला तीनदा उठायची. दुपारी पेंगायची ती त्या जागरणानं. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी आणली आणि आठवड्यात ती ताजी दिसायला लागली. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना प्राझोसिनसारखी गोळी असेल तर अंथरुणावर दोन मिनिटं बसून, पाय खाली सोडून, मगच उभं राहायला सांगा. आणि एक्सएल, ईआर अशी अक्षरं असलेली गोळी कधी कुटू किंवा चावू नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

गोळी नवीन असेल तर पहिले दोन-तीन आठवडे थोडी सुस्ती येऊ शकते. चढ्या प्रेशरची सवय झालेल्या अंगाला बरोबर प्रेशर कमी वाटतं. तेवढे दिवस सांभाळायचे कसे, ते आता.

जेवण दोनदा थोडं थोडं करा. दुपारी ताटभर भात खाल्ला की रक्त पोटाकडे जातं, प्रेशर आणखी उतरतं. मी आता साडेअकराला एक पोळी आणि उसळ खाते, दोनला अर्धंच जेवते. चहानं तासभर बरं वाटतं, पण दुपारी चारनंतरचा चहा रात्रीची झोप खातो. रात्री दहाला आडवं होणं हा मला चहापेक्षा मोठा उपाय ठरला. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात शेगडीपुढे घाम गळतो, तेव्हा पाण्याची बाटली समोर ठेवते. हृदयाचा, किडनीचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच सांगतील. गरगरलं की कुणीतरी मीठ-लिंबाचं सरबत पुढे करतं. ते सवयीनं पिऊ नका. दिवसाचं सगळं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, चहाचा एक छोटा चमचा, त्यात पापड-लोणचंही आलं. गरगरलं तर खाली बसा, जमलं तर आडवं होऊन पाय उशीवर घ्या आणि प्रेशर मोजा.

लोकलमध्ये दारात उभं राहू नका, आत शिरा आणि चौथी सीट मागायला लाजू नका. झोप लागेल असं वाटत असेल तर शेजारणीला स्टेशन सांगून ठेवा. गाडी चालवणाऱ्यांनी हे दिवस स्टीअरिंगला हात लावू नये. माझा दीर टॅक्सी चालवायचा, सिग्नलला डुलक्या घ्यायचा, दोष गोळीला द्यायचा. जाऊ म्हणायची की ते रात्री इतके घोरतात की मध्येच श्वास थांबतो. झोपेची तपासणी केली तर तोच आजार निघाला, झोपेत श्वास अडकण्याचा. त्यानं प्रेशरही चढतं आणि दिवसा पेंगही येते. गोळ्या कितीही बदलल्या असत्या तरी त्याची दिवसाची पेंग गेली नसती. म्हणून घोरण्याची नोंदही वहीत हवी, आणि ती घरच्यांनी करावी.

काही गोष्टींना वही नको, लगेच दवाखाना किंवा १०८. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, दम लागणं, उठवूनही नीट जागं न होणं. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी गुंगी आली की आधी साखर मोजावी. एटेनोलॉलसारख्या गोळीमुळे साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र सुटतो.

दहा दिवसांनी मी वही आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून नेल्या. डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारल्या. यातल्या कुठल्या गोळीनं नाडी मंदावते? तिच्याऐवजी दुसरी चालेल का? बदलताना जुनी कशी कमी करायची? त्यांनी पाच मिनिटं ते पान वाचलं. एटेनोलॉल दोन आठवडे पंचवीस मिलिग्रॅमवर आणलं, मग बंद केलं, अमलोडिपिनबरोबर टेल्मिसार्टन ४० ही प्रेशरची दुसरी गोळी दिली. सेटिरिझिन रोज घेणं बंद झालं, पीठ चाळताना मी तोंडाला रुमाल बांधते. किडनी आणि पोटॅशियमची रक्त तपासणी झाली. महिन्यानं नाडी ६८, प्रेशर १२८/८०.

गोळी बदलली ते पहिले पंधरा दिवस तव्यासमोर माझ्या बहिणीची सून उभी राहिली. मी मागे पाटावर बसून कणीक मळली, भाजी निवडली आणि दर सकाळी वहीत आकडे लिहिले. सोळाव्या दिवशी उलथनं परत हातात घेतलं.