खणाचा शर्ट शिवायचाय? मग हे बघून घ्या

सध्या सगळीकडे खणाचे शर्ट दिसतायत, गणपती असो की कॉलेजचा ट्रॅडिशनल डे. रेडीमेड महाग पडतो आणि फिटिंगचं काही खरं नसतं, त्यापेक्षा कापड घेऊन शिवून घ्या. हातमागाचा खण म्हणजे कर्नाटकातलं गुळेदगुड्ड, बागलकोट जिल्ह्यात. बाजारात मात्र पॉलिस्टरच जास्त, स्वस्त असतं पण उन्हात घालून बघा मग कळेल.

मेन भानगड पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. अस्सल खणाचा पन्हा लहान असतो, ३०-३२ इंच, म्हणून नेहमीच्या शर्टाच्या हिशोबाने कापड घेतलंत तर बाह्या निघणारच नाहीत, आधी टेलरकाकांना पन्हा सांगा आणि मगच मीटर ठरवा. काठ बटणपट्टीला नाहीतर कॉलरला लावा, दोन्हीकडे लावला की बँडवाल्यांचा ड्रेस वाटतो (माझं मत हां). पाठीवर बुट्ट्या उलट्या येत नाहीत ना तेही कापायच्या आधीच बघायला सांगा. रंग जातो का ते कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायचं. धुताना गार पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवा, इस्त्री उलट्या बाजूने. खाली साधी जीन्स बास.