मायकेलअँजेलोचा सेंट पीटर शाईने उतरवताना या चुका टाळा

फ्लॉरेन्सच्या कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये चित्रकार मासाच्चोने १४२०च्या दशकात येशूचा शिष्य सेंट पीटर रंगवला. पुढे १४९०च्या दशकात तरुण मायकेलअँजेलोने भिंतीवरच्या त्या पीटरवरून एक शाईचं रेखाटन केलं. ते आता म्युनिकमध्ये आहे. शाईकाम शिकणाऱ्यांना सरावासाठी मी नेहमी हेच चित्र सुचवतो.

पहिली चूक म्हणजे मूळ भित्तिचित्र न बघताच बसणं. भिंतीवर पीटर कर वसूल करणाऱ्याच्या हातात नाणं ठेवतो आहे. रेखाटनात मायकेलअँजेलोने तो दुसरा माणूस घेतलेलाच नाही. नाण्याची गोष्ट ठाऊक नसेल, तर आपण काढलेला पुढचा हात हवेत लोंबकळतो, त्यात देण्याचा जोर येत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो झग्याच्या छायेत. मायकेलअँजेलो १४८८मध्ये चित्रकार गिर्लांदायोच्या कार्यशाळेत उमेदवारीला लागला, आणि रेघांवर रेघा टाकून छाया उभी करण्याची पद्धत तिथलीच. आपण मात्र पट्टीने आखल्यासारख्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रेघा मारतो. मग चौकटींची जाळी दिसते आणि कापड सपाट होतं. रेघ चुणीबरोबर वळली पाहिजे: खांद्यावरून निघाली की घडीच्या फुगवट्यावर किंचित वाकून खोलगट भागात उतरली पाहिजे. दुसरा थर थोडाच तिरपा टाका, म्हणजे लांबट शंकरपाळे पडतील. आणि पहिला थर पूर्ण वाळू द्या. माझ्या बऱ्याच कागदांवर काखेखाली काळा डाग पडला, तो केवळ या घाईने.

निब अडकून शिंतोडे उडत असतील तर दोष बहुधा कागदाचा. खरखरीत जलरंगाचा कागद सोडा, गुळगुळीत घ्या. टाक अर्धाच बुडवा आणि दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई निथळू द्या.

रेखाटन आज तपकिरी दिसतं म्हणून त्या रंगाच्या मागे लागू नका. त्या काळी इटलीत ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोहक्षार यांची शाई सर्रास वापरत. ती लिहिल्यावर काळी पडते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी होते. आपल्या पोथ्यांमधली काजळाची शाई काळीच राहते, कारण तिच्यात लोह नाही, कार्बन आहे. म्हणून साध्या काळ्या शाईने काढा.

आधी ठसठशीत बाह्यरेषा आणि मग आत भराई, असंही करू नका. पीटर कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

म्युनिकच्या त्या कागदावर बाजूला हाताचे सुटे अभ्यासही आहेत. तुमचा पुढचा हात तिसऱ्यांदा बिघडला तर पूर्ण आकृती बाजूला ठेवा आणि कोपरापासून बोटांपर्यंत तेवढाच मोठा करून काढा.