म्युरलची भिंत आधी ठरवा

इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आली आणि घरात ठरून गेलं, मुलीचा हात चांगला आहे, आर्किटेक्चरला घाला. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देऊन आलेल्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात अशीच झाली असेल. पहिल्या वर्षी त्या हाताचं कौतुकही होतं. वॉटरकलर बघायला सर थांबतात, बेसिक डिझाइनची शीट स्टुडिओच्या भिंतीवर लागते. मग दुसरं वर्ष येतं आणि तोच हात कुठे वापरायचा ते कळेनासं होतं. प्रॅक्टिसला बारा वर्षं झाली तरी त्या वर्षाची आठवण आली की माझ्या पोटात गोळा येतो.

आम्हाला डहाणूकडच्या एका गावासाठी वाचनालय करायचं होतं. मी एलेव्हेशनवर, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगवर, जीव ओतला. कंपाउंडच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वारली चित्रं काढली: तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं, ताडाची झाडं. ज्यूरीला, म्हणजे कामाच्या तपासणीला, बाहेरून आलेल्या मॅडमनी शीट बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ही चित्रं पुसली तर तुझ्या इमारतीचं काय बिघडेल?" मी गप्प. काहीच बिघडणार नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "वारली घर आतून पाहिलं आहेस?" तेही पाहिलं नव्हतं.

सुट्टीत जाऊन पाहिलं. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्याला शेणमातीचा लेप, वर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक. आत उजेड बेताचा, त्यात तो पांढरा रंग काय उठून दिसतो! मी त्यातली माणसं तेवढी उचलली होती आणि भिंत तिथेच सोडून आले होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. कला आणि वास्तुकलेच्या नात्यावर थिअरीच्या पेपरात काय लिहायचं ते लिहा, पण समजून घ्यायला भिंतीपासून सुरुवात करा. कशाची आहे, ओली असताना काम होणार की कोरडी झाल्यावर, तिच्यावर उजेड कुठून पडतो. अजिंठ्याला चित्रांच्या पुढ्यात सगळेच उभे राहतात. जिथे रंगाचा थर गळून पडलाय तिथे खालचा दगड बघा. छिन्नीचे खडबडीत घाव तसेच आहेत, कारण त्यावर भुसा-तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा धरायचा होता, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. लेणं खोदणाऱ्याला मागून चित्रकार येणार हे ठाऊक होतं.

मला हे सगळ्यात स्पष्ट कळलं ते कावीमुळे, म्हणजे गोव्यात, दक्षिण कोकणात आणि कारवारकडच्या देवळांवर दिसणारी ती लाल-पांढरी कावी कला. मेझर्ड ड्रॉइंगच्या, म्हणजे जुनी वास्तू मोजून कागदावर काढायच्या, निमित्ताने एका देवळात आठ दिवस होतो. शिंपले जाळून केलेला चुना, नदीची वाळू आणि गूळ एकत्र करून आंबवायचं, कुटायचं आणि भिंतीवर चढवायचं. त्यावर कावेचा लाल थर. तो ओला आहे तोवरच लोखंडी कंपास आणि टोकदार हत्यारांनी नको तेवढा लाल भाग खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. मी एका कमळावरून बोट फिरवलं. लाल आणि पांढऱ्यात नखभर उंचीचा फरक लागत होता. आणि कमळाच्या बरोबर मधोमध एक बारीक भोक होतं, कंपासचं टोक टेकवल्याचं. शेजारच्या प्रत्येक फुलात तसंच. गिलावा सुकला की हे काम करताच येत नाही, म्हणजे एका वेळी हात पोचेल तेवढाच थर चढवायचा. गवंडी आणि चित्रकार एकाच वेळी परांचीवर हवेत, नाहीतर कावी नाही.

मुंबईत असाल तर फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत बघून या. 1936 ची, आर्किटेक्ट मास्टर, साठे आणि भुता, शिल्पकाम ना. ग. पानसरे यांचं. काम करणाऱ्या साध्या माणसांची शिल्पं आणि इमारतीच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना धरून वर जातात. समोरच्या फुटपाथवर उभं राहून अर्ध्या तासात स्केच करा. शिल्पं झाकून फक्त इमारत काढायचा प्रयत्न करा, जमत नाही.

आता माझ्या चुकीबद्दल, कारण तुम्हीही तीच करणार आहात. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका निवासी इमारतीची लॉबी माझ्याकडे होती. लिफ्टसमोरची आठ फूट बाय दहा फुटाची भिंत मी ड्रॉइंगमध्ये तिरप्या रेघा मारून सोडून दिली आणि वर लिहिलं: आर्ट वॉल. पुढे बघू. फ्लोअरिंग झालं, फॉल्स सीलिंग झालं, लाइट बसले, आणि मग शिल्पकार ताईंना फोन केला. त्यांनी पाच महिने खपून टेराकोटाचं म्युरल, म्हणजे भिंतभर उठावाचं चित्र, केलं. सरासरी चाळीस मिलिमीटर जाड. एवढ्या जाडीच्या भाजलेल्या मातीचं वजन चौरस मीटरला साधारण पाऊणशे किलो धरा. ती भिंत साडेसात चौरस मीटरची. म्हणजे साडेपाचशे किलो, आणि भिंत होती सहा इंची एएसी ब्लॉकची. हा हिशोब पाच मिनिटांचा आहे. मी तो केला नव्हता.

एएसी ब्लॉक हलका असतो कारण त्यात हवेची छिद्रं असतात. साधा एक्स्पान्शन फास्टनर, म्हणजे भिंतीत भोक पाडून बसवायचा बोल्ट, आत फुगून पकड घेतो. काँक्रीटमध्ये ते ठीक. एएसीमध्ये फुगताना तो आजूबाजूचा ब्लॉकच चुरडतो. बसवल्यावर घट्ट वाटतं, हाताने हलवलं तरी हलत नाही, म्हणून सुपरवायझर म्हणतो झालं काम. तिसऱ्या रात्री वरच्या रांगेतले चार तुकडे सुटले. लॉबीत कोणी नव्हतं, एवढंच नशीब. सकाळी ताई आल्या, काही बोलल्या नाहीत, खाली बसून तुकडे वेचू लागल्या. ते दृश्य मी विसरलेले नाही.

त्यातून बाहेर पडताना आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. फायर होजचा बॉक्स त्याच भिंतीत घ्यायचं ठरलं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. आणि सीलिंगमधले दिवे भिंतीपासून तीन फूट पुढे होते, त्यामुळे उठावाच्या कामावर उजेड समोरून पडून सगळं सपाट दिसत होतं. उठावाला भिंतीलगतून घसरत येणारा उजेड लागतो, तेव्हा सावली पडते आणि आकार दिसतो. शेवटी खालच्या स्लॅबपासून वरच्या बीमपर्यंत लोखंडी फ्रेम करून अर्धंच म्युरल बसवलं. त्यातली मधली नदी गेली.

तेव्हा ऐका. सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं ड्रॉइंग, पक्कं व्हायच्या आधी कलाकाराला बोलवा. काम कोणत्या मटेरियलमध्ये होणार, जाडी किती, वजन किती, टांगणार की चिकटवणार, धूळ कोण आणि कशाने पुसणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. वजन लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवा. जड काम असेल तर तेवढी भिंत वीटकामाची किंवा आरसीसीची घ्या, आणि वीट जिथे एएसीला भेटते त्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारा, नाहीतर तडा ठरलेला. इलेक्ट्रिकलवाल्याला सांगून त्या भिंतीत वायरसाठी एकही झिरी मारू देऊ नका. आणि बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या परिमाणांच्या यादीत, म्युरलची ओळ वेगळी काढा. फिनिशिंगच्या आकड्यात ते मिसळलं की क्लायंट पैसे कमी करायला बसला की पहिली कात्री त्यालाच लागते, हे मी दर वेळी पाहिलंय.

दिल्लीच्या ब्रिटिश कौन्सिलचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. 1992 ची इमारत, चार्ल्स कोरिया यांची. दर्शनी भिंतीवर ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांचं म्युरल पांढऱ्या संगमरवरात काळा कडप्पा बसवून केलंय. तिथे म्युरल हीच भिंतीची कातडी आहे. त्यासाठी वेगळे बोल्ट मारायचा प्रश्नच येत नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. फोनवर साठवलेले तीनशे फोटो म्हणजे अभ्यास नव्हे. एका दगडी ब्रॅकेटसमोर बसून त्याचं मोजमाप घेतलेली एक शीट त्या तीनशेंपेक्षा जास्त शिकवते. आणि जे सर तुमची पेन्सिल घेऊन तुमची शीट स्वतः पूर्ण करून देतात, त्यांच्याकडे मुलांची रांग लागते, पण तुम्ही त्या रांगेत उभे राहू नका. मला घडवलं त्या मॅडमनी माझ्या शीटला कधी हात लावला नाही. त्या फक्त प्रश्न विचारायच्या, आणि तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

ज्यांचा हात चांगला नाही त्यांनी घाबरू नका, सेक्शन विचार करून काढता येतं. ज्यांचा चांगला आहे त्यांनीही दुसऱ्या वर्षात तो वाया गेला असं समजू नका. व्हीटी स्टेशन, आताचं सीएसएमटी, 1888 मध्ये पूर्ण झालं, त्याच्या कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. तुमच्याएवढीच मुलं होती ती. लोकल पकडायच्या आधी दोन मिनिटं मान वर करून खांबांच्या माथ्यांवरची पानं आणि प्राणी बघा. इमारत उभी राहत असतानाच त्या मुलांना काम मिळालं होतं.

सध्या माझ्याकडे एका शाळेचं काम आहे. जिन्याच्या वळणावर एक भिंत आहे, सकाळी नऊ वाजता तिच्यावर डावीकडून ऊन येतं. त्याच ताई मागच्या महिन्यात नुसत्या कॉलमच्या सांगाड्यात येऊन तिथे तासभर बसून गेल्या आणि वजन कागदावर लिहून देऊन गेल्या. सोमवारी ब्लॉकचं काम सुरू होतंय. तेवढ्या एका भिंतीसाठी विटांची गाडी सांगितली आहे.