भाजलेल्या जखमेवर कोलॅजनची शीट: लावायची कशी, जपायची कशी

चैत्र-वैशाख लागला की आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत भाजलेले हात वाढतात. कुरडयांचा चीक हाटताना पातेलं कलंडतं. चीक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो आणि भाजतच राहतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात 19 वर्षं नर्स आहे. नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर मला सगळ्यात जास्त विचारतात ते कोलॅजनच्या शीटबद्दल, म्हणून हे लिहिते आहे. घरच्यांनीही वाचावं, कारण शीट लावतो आम्ही, पण पुढचे दहा-बारा दिवस ती सांभाळतात ते.

कोलॅजन हे आपल्या कातडीतलंच प्रथिन. शीट बहुतेक वेळा गुरांच्या, कधी माशाच्या कोलॅजनपासून केलेली असते. मी पेशंटला सांगते, हा दोडक्याच्या वेलाला घातलेला मांडव आहे. वेल आपला, मांडव बाहेरचा. नवी कातडी उगवते ती जखमेच्या कडांमधून आणि केसांच्या मुळाशी जिवंत उरलेल्या पेशींमधून. त्यांना पसरायला ओलसर, झाकलेली, धरायला काहीतरी असलेली जागा लागते, तेवढी शीट देते. खोल जखमेत ती हळूहळू शरीरातच विरघळते. वरवरच्या भाजण्यात सुकून खपलीसारखी सुटते.

म्हणजेच जिथे वेलाचं मूळच उरलं नाही, तिथे मांडव घालून उपयोग नाही. जखम गुलाबी, ओली आणि चांगलीच दुखरी असेल, हातमोजा घातलेल्या बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन सोडल्यावर पुन्हा लाल होत असेल, तर रक्त वाहतं आहे, शीट चालेल. पांढरट, चामड्यासारखी कडक, टोचलं तरी न दुखणारी जखम असेल तर थांबा. ती खोल आहे. तिथली मेलेली कातडी काढून बहुधा पेशंटचीच कातडी लावावी लागते, तेव्हा सर्जनकडे पाठवण्यात एक दिवसही घालवू नका. चेहरा, हाताचा पंजा, सांधे, जननेंद्रियं आणि लहान मूल, इथेही निर्णय डॉक्टरांचाच.

पू असलेल्या जखमेवर शीट कधीच नाही. हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतमजुराच्या पोटरीवर, नातेवाईक परतीच्या एसटीची घाई करत होते म्हणून, जखम नीट न धुता शीट लावली गेली. ती मीच लावली होती. तिसऱ्या दिवशी तो तापाने फणफणून आला, शीटखाली पू साचला होता. त्याचे तीन आठवडे वाया गेले. तेव्हापासून मी धुण्याला लावण्यापेक्षा जास्त वेळ देते.

धुणं अवघड होतं ते हळद, टूथपेस्ट आणि शाईमुळे. भाजल्यावर लगेच अंगठी-बांगड्या काढा आणि 20 मिनिटं साध्या नळाच्या पाण्याखाली हात धरा. बर्फ नको. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून या. बाकी काही लावलं की ते खरवडावं लागतं, पेशंट ओरडतो, आणि जखम किती खोल आहे तेही दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का ते इथेच विचारा.

लावण्याआधी आणखी एक गोष्ट विचारायची. पाकिटावर शीट कोणत्या प्राण्यापासून केली ते लिहिलेलं असतं, ते पेशंटला मोठ्याने सांगा. कुणाला गुरांचं चालत नाही, कुणाला मासा चालत नाही, कुणाला त्याची ॲलर्जी असते. नकार आला तर पॅराफिन गॉजचं, म्हणजे जखमेला न चिकटणाऱ्या मेणचट जाळीचं, ड्रेसिंग आहे. न सांगता लावणं मला पटत नाही.

आता लावणं. वेदनेचं औषध आधी द्या आणि ते लागू पडेपर्यंत थांबा. सलाईनने धुवून फुटलेल्या फोडांची सैल कातडी काढा. रक्त येत असेल तर दाबून थांबवा. ओली शीट औषधी द्रवात येते आणि त्यात बहुधा अल्कोहोल असतं, म्हणून दोन-तीनदा ताज्या सलाईनमध्ये खळखळून घ्या, नाहीतर पेशंटला आग होईल. एका कडेने टेकवत, पापडाची लाटी पसरावी तशी हलक्या बोटाने पुढे सरकत जा. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे लस, म्हणजे जखमेतून पाझरणारं पाणी, साचते आणि शीट चिकटत नाही. सुरकुती पडली तर उचलून पुन्हा टेकवा. कडा चांगल्या कातडीवर थोड्या येऊ द्या. शीटला छिद्रं नसतील तर निर्जंतुक ब्लेडने बारीक चिरा द्या. वर पॅराफिन गॉज, मग जाड गॉजची गादी, मग बँडेज. बोटं झाकू नका, त्यांचा रंग दिसला पाहिजे. मनगट किंवा कोपर जवळ असेल तर आधार बांधा, हालचालीने शीट सरकते.

24 ते 48 तासांत वरचं ड्रेसिंग उघडून बघा. शीट चिकटली असेल तर तिला हात लावायचा नाही. खाली थोडी लस असेल तर चिरेतून बाहेर काढा. घाण वास, पू, ताप, वाढती लाली असेल तर सगळी काढून पुन्हा धुणं.

चार-पाच दिवसांनी ती सुकून कडक होते आणि खाज सुटते. मग फोन येतो, “सिस्टर, कडेनं उचकून राह्यलं, काढून टाकू का?” नाही हो माय. उचकलेली कड कात्रीने कापा, बाकी ओढू नका. ओढलं की खाली आलेली कोवळी कातडी तिच्यासोबत येते. पाणी लागू देऊ नका, पॉलिथिन गुंडाळू नका, घामाने जखम भिजते. शीट सुकी असेल तर पंख्याखाली बसा.

मधुमेह असेल तर साखर तपासा. जेवणात तुरीचं वरण, अंडं, शेंगदाणे आणि रोज एखादा पेरू, संत्रं किंवा आवळा असू द्या. शरीर स्वतःचं कोलॅजन बांधायला क जीवनसत्त्व वापरतं. खर्रा मात्र बंद. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. हे मी हात जोडून सांगते, तरी उशाखाली पुडी सापडते.

असे मांडव आणखीही आहेत. बाळाच्या वारेवरचा पातळ पडदा भाजलेल्या जखमांवर शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतीपेढीत (टिश्यू बँकेत) तो तपासून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. बाळंतपणाच्या खोलीतला कच्चा पडदा कधीही लावू नका, त्यातून संसर्ग जाऊ शकतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी काढून उरलेल्या जाळीची पट्टी केली, तिला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. आमच्याकडे मी ती अजून हाताळलेली नाही.

यंदा चिकाने भाजलेल्या एका सुनेची शीट तेराव्या दिवशी सुटली. खाली गुलाबी, चकचकीत कातडी. 21 दिवसांत बंद न झालेली जखम सर्जनना दाखवावी लागते, हिला तशी वेळ आली नाही. तिला सांगितलं तेच इथे सांगते: दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल हलक्या हाताने चोळायचं, आणि शेतात जाताना काही महिने लांब बाहीचा सुती सदरा घालायचा. ही कातडी ऊन लागलं की काळी पडते.