फॅक्स मशीन काढण्याआधी: इंटरनेट फॅक्सकडे कसं वळावं

वास्कोत आमचं कस्टम्स क्लिअरिंगचं छोटं ऑफिस आहे. एका चवथीला तीन दिवस शटर खाली होतं. उघडून बघतो तर फॅक्स मशीनमध्ये पहिल्याच दिवशी कागद अडकलेला, मेमरी भरलेली, आणि परदेशातला एक ग्राहक दोन दिवस फॅक्स पाठवून थकलेला. इंटरनेट फॅक्सचा, म्हणजे मशीनऐवजी ईमेलने किंवा संकेतस्थळावरून फॅक्स पाठवण्या-घेण्याचा विचार तिथून सुरू झाला. तेव्हा लक्षात आलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: फॅक्स पाठवणं आणि फॅक्स घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पाठवणं आज बदलता येतं, घेण्याला वेळ द्यावा लागतो.

पहिलं काम, महिनाभराची वही ठेवा. कोणाला किती पानं गेली, कोणाकडून किती आली, त्यात परदेशी किती. जपान, जर्मनी आणि अमेरिकेतली रुग्णालयं यांच्याकडे फॅक्स अजून चालतो, त्यामुळे तुमचा संबंध तिकडे असेल तर आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा निघेल. महिन्याला चार-पाच पानंच होत असतील, तर समोरच्याला ईमेल चालेल का, हे सरळ विचारा. पुढचं काही करायची गरजच उरणार नाही.

मग आपली लाइन तपासा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. जुनी लँडलाइन तांब्याच्या तारेवर होती. फॅक्स मशीनची शिट्टी त्या तारेतून जशीच्या तशी जायची. आता फायबर आल्यावर फोनचा आवाजही इंटरनेटच्या पाकिटांतून, म्हणजे छोट्या तुकड्यांत, जातो. बोलताना एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळत नाही, फॅक्सचा कॉल मात्र तुटतो. फायबर बसवल्यापासून फॅक्स अर्ध्यावर थांबत असेल, तर मशीन बिघडलंय असं समजून मेकॅनिकला बोलावू नका. आधी मशीनच्या सेटिंगमध्ये वेग (सेकंदाला किती बिट) १४,४०० वरून ९,६०० वर आणा. तरीही कॉल तुटत असेल तर ईसीएम, म्हणजे चुका दुरुस्त करणारी सोय, बंद करून पाहा. पानावर एखादी रेघ येईल, पण पान पोचेल. शिवाय फायबरवाल्याला विचारा, त्यांच्या उपकरणात टी.३८ आहे का. इंटरनेटवरून फॅक्स नेण्यासाठीच हा प्रमाणनियम केलेला आहे. इतक्याने काम भागलं तर जुनं मशीन आणखी काही वर्षं खुशाल चालवा.

भागलं नाही तर पाठवणं इंटरनेटवर न्या. सेवेचं खातं उघडायचं, पीडीएफ जोडून ईमेल करायचा किंवा त्यांच्या संकेतस्थळावर चढवायचा. सेवेचा सर्व्हर समोरच्या मशीनला फोन लावतो. नंबर एंगेज असला तर पुन्हा लावतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, पण म्हणून सकाळी लवकर येऊन मशीनपाशी उभं राहावं लागत नाही.

एक काळजी इथे घ्यावीच लागते. तुमचा पीडीएफ रंगीत असला तरी फॅक्समधून साधारणपणे फक्त काळं-पांढरं जातं, तेही इंचाला साधारण २०० ठिपक्यांच्या (डीपीआय) हिशेबाने. फिकट जांभळा शिक्का गायब होतो, राखाडी पार्श्वभूमी काळीकुट्ट होते. म्हणून मूळ कागद स्कॅन करतानाच काळा-पांढरा, २०० किंवा ३०० डीपीआय ठेवा, शिक्का गडद शाईचा मारा, आणि पहिला फॅक्स स्वतःच्याच मशीनवर पाठवून वाचून पाहा. आमच्या एका यादीतले कंटेनर नंबर असेच पुसट गेले होते. तीन आणि आठ यांत फरक कळेना.

ईमेल गेला म्हणजे फॅक्स पोचला, असं धरू नका. सेवेकडून पोचल्याचा वेगळा ईमेल येतो, तीच तुमची पावती. ती मूळ ईमेलच्या रूपात साठवा, फक्त प्रिंट काढून मूळ पुसू नका. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली आहे, पण वाद कोर्टात गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ ईमेल हाताशी असला की ते काम सोपं होतं.

आता घेण्याचं. ०८३२ या गोव्याच्या कोडने सुरू होणारा तुमचा नंबर लेटरहेडवर, करारांवर, ग्राहकांच्या मशीनच्या मेमरीत वर्षानुवर्षं बसलेला असतो. आपल्याकडे मोबाइलचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, लँडलाइनचा नाही. म्हणजे इंटरनेट फॅक्सला नवा नंबर घ्यावा लागणार. तो कोणत्या देशाचा मिळतो, हे पैसे भरण्याआधी विचारा. परदेशी नंबर मिळाला तर इथल्या पाठवणाऱ्याला आयएसडीचा दर पडेल आणि तो कुरकुर करेल, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

यावर मला पटलेला मधला मार्ग असा. लँडलाइन राहू द्या, आणि आलेला फॅक्स कागदावर न छापता थेट ईमेलवर पाठवणारा मल्टिफंक्शन प्रिंटर त्या लाइनवर लावा. अशी सोय बऱ्याच ऑफिस प्रिंटरांत असते. ईमेल मात्र ऑफिसच्या सामाईक पत्त्यावर यायला हवा. तो एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर असला आणि तो सुट्टीवर गेला, की आमच्या चवथीचीच गत होते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. विजेचा झटका फोनच्या तांब्याच्या तारेतूनही मशीनमध्ये शिरतो, म्हणून गडगडाट सुरू झाला की वीज आणि फोन, दोन्ही प्लग काढा. दमट हवेत कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात, त्यामुळे रीम कपाटात बंद ठेवा. जुन्या थर्मल रोलवरचे फॅक्स कालांतराने उडतात, महत्त्वाचे असतील तर आजच झेरॉक्स काढा. इंटरनेट फॅक्सला यातलं काही लागत नाही, पण वीज गेल्यावर राउटरला इन्व्हर्टर हवा.

खर्चाची तुलना शेवटी करा, कारण वहीशिवाय ती होत नाही. एका बाजूला लँडलाइनचं भाडं, आयएसडी, टोनर, दुरुस्ती. दुसऱ्या बाजूला महिन्याची वर्गणी आणि ठरलेल्या पानांपुढच्या प्रत्येक पानाचा दर. हा दुसरा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो, तो शोधून वाचा. मग निदान तीन महिने दोन्ही सोबत चालवा. जुन्या नंबरवर एकही फॅक्स न येता तिमाही गेली, की नवीन लेटरहेड छापायला द्या.