ओळखीबाहेरची जमीन विकायला आली तर एजंटने काम पुढे कसं सोपवावं

शहरात फ्लॅटचे व्यवहार करणाऱ्या एजंटकडे कधी ना कधी एखादा जुना ग्राहक गावाकडच्या जमिनीचं काम घेऊन येतो. कुणाची मुळशीतली शेती असते, कुणाची मालवणजवळची कलमबाग. "फ्लॅट तुम्हीच विकलात, आता हेही बघा." अशा वेळी "घेऊन ठेवा, करता करता कळतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. शिकायचंच असेल तर जाणकाराच्या शेजारी बसून शिका, कुणाच्या वडिलोपार्जित जमिनीवर नको.

आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सगळे फेरफार (मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदी) मागवा. ते हातात येईपर्यंत जाहिरात टाकू नका.

आता अवघड टप्पा: हे काम आपलं आहे की नाही? मला सुरुवातीला हेच ठरवणं जड जायचं, कारण समोरचा माणूस भरवशाने आलेला असतो. जमिनीचा भाव किंवा अंतर यावरून ठरवू नका. भाव चार ठिकाणी विचारला की कळतो. सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना वाचा आणि त्यातली प्रत्येक ओळ मालकाला समजावता येते का ते बघा. 'भोगवटादार वर्ग 2', म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर विक्रीआधी कुणाची परवानगी लागेल? 'कुळकायदा कलम 43' (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन) हा शेरा का आला? खातेदार आदिवासी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, हे कागद बघताक्षणी तुमच्या लक्षात आलं का? एकाही ओळीवर "वकिलांना विचारून सांगतो" म्हणावं लागलं, तर काम सोपवा.

"वकील आहेत की" हे उत्तर मला मान्य नाही. वकील अडचण पकडतात, पण बहुतेकदा व्यवहार ठरल्यावर. तोवर तुम्ही खरेदीदार आणलेला असतो, विसार दिला-घेतलेला असतो. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 घ्या: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शहरातल्या तुमच्या ग्राहकांपैकी बहुतेक जण इथेच गळतात. मग त्या मालकाला तुमचा उपयोग काय?

राज्याची हद्द ओलांडली की विचारात वेळ घालवूच नका. बांद्याहून पेडणे जवळ असलं तरी कायदा वेगळा. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची सामाईक होते, त्यामुळे कागदावर एकाचंच नाव असलं तरी विक्रीला दुसऱ्याची संमती लागते. शिवाय 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवहारांच्या नियमन कायद्यात, एजंटची नोंदणी राज्यापुरती असते. महारेराचा (महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर गोव्यातल्या प्रकल्पाला चालत नाही.

सोपवायचं कुणाला? त्याच तालुक्यात खरेदीखतं करून देणाऱ्याला. त्याने अलीकडे केलेल्या व्यवहारातल्या एखाद्या विक्रेत्याशी स्वतः फोनवर बोला.

दलालीचा वाटा मालकाचा नंबर देण्याआधी लेखी ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. निम्मी मागणं मला पटत नाही. तलाठी कार्यालय, मोजणी, बांधावरची भांडणं सगळं तो निस्तरणार, म्हणून मी त्याच्या दलालीच्या पाव हिश्श्यावर थांबतो. आणि हा हिस्सा आपल्याला मिळणार आहे हे मालकाला आधीच सांगा. नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्याचा पुढचा फ्लॅट तुमच्याकडे येणार नाही.

मालकाचा होकार घेऊनच कागदांच्या प्रती पुढे पाठवा, मूळ कागद मालकाकडेच राहू द्या. दोघांची एकदा समोरासमोर गाठ घालून द्या आणि बाजूला व्हा. त्यानंतर त्या जमिनीसाठी कुणाचा फोन आला तर भाव सांगू नका, त्या एजंटचा नंबर द्या.