मॉडेल बोट रेसला किती क्लास भरायचे? आधी मिनिटं मोजा

एन्ट्री फॉर्म समोर आला की हात शिवशिवतात हे मान्य. गॅरेजमध्ये तीन बोटी पडून आहेत, गाडी घेऊन तीन तास लांब जायचंच आहे, मग भरून टाकू ना सगळे क्लास, म्हणजे रेसचे गट, असं वाटतंच. मी पण दुसऱ्या सीझनला हेच केलं, चार क्लास भरले आणि एकाही क्लासमधल्या सगळ्या हीट, म्हणजे एकेक शर्यत, पूर्ण झाल्या नाहीत. एक ना धड भाराभर चिंध्या. दिवसभर नुसता टेबलापासून पाण्यापर्यंत पळत होतो आणि संध्याकाळी जेवलो कधी ते पण आठवेना.

मी लिहितोय ते इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या क्लब रेसिंगबद्दल, नाम्बा आणि आयएमपीबीए या मॉडेल बोटींच्या संघटनांच्या नियमांनी जे ओव्हल (लंबगोल मार्गावरचं) रेसिंग चालतं ते, आणि त्यातही बॅटरीच्या बोटी, कारण मी त्याच चालवतो. क्लास इथे दोन गोष्टींवर ठरतो, व्होल्टेज आणि हलचा, म्हणजे बोटीच्या धडाचा, आकार. पी म्हणजे ४ एस लायपो (चार सेल एकापुढे एक जोडलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी), क्यू म्हणजे ६ एस (सहा सेल), आणि मग प्रत्येकात मोनो (एकच धड), कॅटमरान (दोन धडं), स्पोर्ट हायड्रो (पाण्याला जेमतेम टेकत पळणारी), रिगर (बाजूला दांड्यांवर तरंगे असलेली) असे प्रकार, त्यामुळे यादीत आठ-दहा क्लास सहज दिसतात आणि नवीन माणूस तिथेच फसतो.

आता दिवस कसा चालतो ते बघा. एका राउंडमध्ये सगळ्या क्लासच्या हीट ओळीने होतात, मग परत पहिल्यापासून. समजा राउंडला ९ हीट आणि बोटी पाण्यात टाकण्यापासून बंद पडलेल्या उचलून आणेपर्यंत एका हीटला धरा १० मिनिटं, म्हणजे तुमच्या एका क्लासच्या दोन हीटमध्ये साधारण ९० मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतात.

पण एक बोट परत तयार करायला काय काय लागतं? पाण्यातून काढली की आधी सेफ्टी लूप, म्हणजे काढली की बॅटरीचा प्रवाह तुटतो ती वायर, काढायची (ही विसरू नका, प्रॉपजवळ, म्हणजे पाण्यातल्या पंख्याजवळ, हाताची बोटं असताना मोटर फिरली तर रेस राहते बाजूला). मग हॅचची (वरच्या झाकणाची) टेप सोडवा, आतलं पाणी पुसा, पॅक (बॅटरी) बाहेर काढा, मोटर आणि ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) हात लावून किती गरम झालेत बघा, फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपपर्यंतची लवचिक दांडी) ओढून काढा, काळं झालेलं ग्रीस पुसून नवीन लावा, परत बसवून कॉलेट (शाफ्ट धरून ठेवणारी पकड) घट्ट करा, प्रॉपच्या कडेवरून नख फिरवून कुठे खाच पडली का बघा, कूलिंगच्या नळीत फुंकर मारून दुसरीकडून हवा येते का बघा, दुसरा पॅक टाका, नवीन टेप लावा. काहीही तुटलेलं नसताना मला याला २० मिनिटं लागतात. तुम्हाला किती लागतात ते घरी घड्याळ लावून बघा, अंदाज बांधू नका, अंदाज कायम निम्माच निघतो.

म्हणजे एका क्लासला २० टेबलावर आणि १० पाण्याशी, झाली ३०. त्याशिवाय कोणाचा तरी पिटमन (बोट चालवणाऱ्याच्या बाजूला उभा राहणारा मदतनीस) म्हणून उभं राहायचं असतं आणि बॉय जज (पाण्यातल्या तरंगत्या खुणांवर नजर ठेवणारा) किंवा बोटी उचलायच्या नावेवर पाळी असते, त्याची धरा २०. एक क्लास असेल तर ५० मिनिटं गेली, दोन असतील तर ८०, तीन असतील तर ११०. हातात आहेत ९०. माझं उत्तर दोन येतं ते इथून येतं, हौस-बिस सगळी नंतर.

चार्जिंगचा हिशोब वेगळा. ५००० एमएएचचा पॅक १सी वर, म्हणजे ५ अँपिअरला, तासभर खातो. २सी ला अर्धा तास म्हणतात पण शेवटी बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरणं) रेंगाळतं आणि गरम पॅक लगेच लावायचा नसतो, आधी थंड होऊ द्यायचा, त्यामुळे पाऊण तास धराच. ४ एस पॅकला १० अँपिअरने भरायला जवळजवळ १७० वॉट लागतात, दोन एकदम लावले तर ३४०, तेव्हा चार्जर आणि त्याचा पॉवर सप्लाय तेवढा देतो का, आणि तळ्याकाठी वीज आहे की जनरेटर, हे आधी विचारा. मी क्लासमागे दोन सेट ठेवतो, एक बोटीत, एक चार्जरवर.

म्हणूनच दुसरा क्लास निवडताना वेग बघू नका, पहिल्या बोटीचं सामान त्यात चालतं का ते बघा. पी मोनो आणि पी स्पोर्ट हायड्रो असेल तर पॅक तेच, कनेक्टर तेच, शाफ्ट ३/१६ इंची तीच, एक स्पेअर ईएससी दोघींना पुरतो. पी मोनोच्या जोडीला क्यू कॅट घेतलीत की दुसरे पॅक, दुसरे प्रॉप, सगळा संसार डबल.

पॉइंटचं पण बघा. पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५. चार हीटमध्ये चारही वेळा तिसरे आलात तर ९००. दोन जिंकल्या आणि दोनदा बोट तयारच नव्हती तर ८००. म्हणजे शांतपणे तिसरा येणारा माणूस तुमच्या पुढे बसतो आणि तुम्ही मात्र आपण सगळ्यात फास्ट होतो हे लोकांना सांगत फिरता.

फॉर्म भरण्याआधी हीटचा क्रम विचारून घ्या, हे फार कमी लोक करतात. दोन क्लास लागोपाठ असतील तर एक बोट हातात आणि दुसरी पाण्यात टाकायची असं होतं. माझं त्यातच झालं होतं, दोन्ही बोटींना एकच रिमोट, मोनो उचलली आणि हायड्रो सोडली पण रिमोटवर मॉडेल बदललंच नाही, रडर उलटं. इथे ओव्हलवर उजवीकडे वळतात, टर्न फिन (वळताना बोट घसरू नये म्हणून लावलेली पाती) पण उजव्याच बाजूला असते, माझी गेली डावीकडे, सरळ काठावरच्या दगडांत. तेव्हापासून रिमोटच्या हँडलला टेप लावून त्यावर मॉडेलचं नाव लिहितो.

पहिलाच सीझन असेल तर एकच क्लास, आणि ज्यात जास्त बोटी येतात तोच, कारण पुरेशा एन्ट्री नसल्या तर क्लास रद्द होतो. पी लिमिटेडसारखा ठरलेल्या मोटरींचा क्लास मिळाला तर उत्तम, मोटरवर पैसे ओतायची सोयच नाही, शिकायला मिळतं.

नायट्रो-गॅसवाल्यांना (म्हणजे नायट्रो इंधन किंवा पेट्रोलवर बोट चालवणाऱ्यांना) चार्जिंग नाही म्हणून ते एखादा क्लास जास्त काढू शकतात, पण नायट्रोची नीडल (इंधन किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) सेट करण्यात तो वेळ जातोच, आणि गॅसची बोट एकट्याने उचलून पाण्यात टाका मग सांगा.

शेवटचं म्हणजे पिटमन. घड्याळ उलटं मोजत असतं, शून्याला लाइन ओलांडायची असते, त्याआधी ओलांडली तर दंड, आणि आपली नजर बोटीवरून हलवता येत नाही, तेव्हा बाजूला कोणीतरी दहा, नऊ, आठ म्हणणारा आणि बंद बोट कुठे आहे ते सांगणारा लागतो. माझा पिटमन माझा मुलगा. यंदापासून तो स्वतः पी मोनो चालवतो, त्यामुळे त्या हीटला आता आम्ही दोघंही पिटमन शोधत असतो आणि तिसऱ्या क्लासचा विषय मी घरात काढतच नाही.